कार्ड घेण्याआधी सीपीयू उघडून बघ

"ताई, नमस्कार. मी सेलू तालुक्यातल्या एका गावचा, परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी रिफर्बिश्ड कॉम्प्युटर आहे : डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर, आय-५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ची एसएसडी आणि सोबत आलेला १९ इंची मॉनिटर. जीटीए ५ आणि व्हॅलोरंट नीट खेळता यावं, एवढीच इच्छा आहे. संभाजीनगरच्या एकानं जाहिरात टाकली आहे, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी, साडेसहा हजार. 'मायनिंगला वापरलेलं नाही, एकदम घरगुती वापर' असं म्हणतो. अर्धे पैसे आधी मागतो, अर्धे कुरियर केल्यावर. पप्पांनी सोयाबीनच्या पट्टीतून दहा हजार दिलेत. एक मित्र म्हणतो, सेकंडहँड कार्ड म्हणजे मायनिंगचंच, हात लावू नको. दुसरा म्हणतो, एवढ्या पैशात नवीन काही येत नाही, घेऊन टाक. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सेलू"

आज रात्री त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नकोस. बाकीचं निवांत बोलू.

तुझे पप्पा बैल घ्यायला बाजारात गेले तर काय करतात, ते तू पाहिलं असशील. फोटो बघून कुणी अर्धे पैसे देत नाही. दात बघतात, चालवून बघतात, जमलं तर औताला जुंपून बघतात आणि मग विसार देतात. विसारसुद्धा हातात हात देऊन, चार माणसांसमोर. वापरलेलं ग्राफिक्स कार्ड हा तसाच व्यवहार आहे. वरून कळत नाही, चालवल्यावरच कळतं. न बघितलेल्या वस्तूसाठी सव्वातीन हजार आधी मागणारा माणूस खरा असेलही, पण तो खरा आहे की खोटा हे ठरवायला तुझ्या हातात काहीच उरत नाही. "पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक," असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. आणि काही पाठवून बसलाच असशील तर लाजू नकोस, लगेच १९३० वर फोन कर. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात.

आता तुझ्या दोन मित्रांचं. दोघंही कार्डाबद्दल बोलतायत आणि तुझ्या कॉम्प्युटरबद्दल कुणीच बोलत नाही. वीस वर्षांत मी दुरुस्तीच्या टेबलावर जेवढे गेमिंगचे नाद फसलेले पाहिले, त्यातले निम्मे कार्ड खराब निघालं म्हणून फसले नव्हते. कार्ड चांगलं होतं, ज्या मशीनमध्ये बसवलं त्या मशीनला ते पेलत नव्हतं.

म्हणून आधी सीपीयू उघड. वायर काढ, टॉवर आडवा ठेव, बाजूची कडी ओढली की ९०२० चं झाकण अलगद निघतं. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी दिसेल, तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा भाग. त्याच्यावरची पट्टी वाच. टॉवरमध्ये डेल २९० वॉटचा देते. आता त्यातून निघणाऱ्या वायरी बोटानं एकेक बाजूला करून मोज. हार्डडिस्कच्या चपट्या पिना दिसतील, प्रोसेसरजवळची चौकोनी चार पिनांची दिसेल. सहा किंवा आठ पिनांची ग्राफिक्स कार्डाची वायर शोध. सापडणार नाही, कारण ती दिलेलीच नाही. ही मशीन ऑफिसात एक्सेल उघडायला बनवली होती.

आरएक्स ५८० ला १८५ वॉट लागतात. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. उरलेले ११० वॉट त्या आठ पिनांच्या वायरीतून यावे लागतात आणि ती वायर तुझ्याकडे नाही. दुकानदार म्हणेल, "कन्व्हर्टर लावून देतो, दीडशे रुपये." हा कन्व्हर्टर साटा पिनेवरून काढलेला असतो. साटाची पिन १२ व्होल्टवर साडेचार अँपियर, म्हणजे ५४ वॉट सहन करायला बनवली आहे. तिच्यातून दुप्पट ओढलं की काय होतं, ते माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या एका तुकड्यात दिसतं : काळं प्लास्टिक मेणासारखं ओघळून पिनांवर थिजलंय आणि दोन वर्षांनंतरही जळका वास येतो. ते मशीन रात्री झोपताना डाउनलोडला लावून ठेवलेलं होतं. घरच्यांना वासानं जाग आली, म्हणून निभावलं.

मग एसएमपीएसच बदलू, असं तुला वाटेल. बदलता येतो, पण डेलच्या या बोर्डाला नेहमीची २४ पिनांची वायर बसत नाही, स्वतःची आठ पिनांची आहे. म्हणजे चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस, वर २४ ला ८ करणारी वायर. साडेसहा हजारांचं कार्ड तुझे दहा हजार इथेच संपवतं आणि रॅमला काही उरत नाही. शिवाय एएमडीनं २०२३ च्या अखेरीपासून या पिढीच्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुख्य रांगेतून बाजूला काढलेत. कार्ड एप्रिल २०१७ चं आहे, म्हातारं झालंय.

म्हणून हे कार्ड तू घेऊ नयेस. मायनिंगचं, म्हणजे डिजिटल चलन खणायला रात्रंदिवस राबवलेलं, असो वा नसो.

आता तुला खरंच किती ताकद लागते, ते बघू. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला. त्या वेळी कंपनीनं 'असं असावं' म्हणून जे सांगितलं होतं ते असं : आय-५ ३४७०, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६०. तुझा प्रोसेसर त्याच्या पुढच्या पिढीचा आहे. मार्च २०२५ मध्ये या गेमची नवी 'एनहान्स्ड' आवृत्ती आली, ती जड आहे. तू जुनी 'लेगसी'च ठेव. व्हॅलोरंट तर आणखी हलका. इंटेलच्या एचडी ४००० या प्रोसेसरमधल्याच जुन्या ग्राफिक्सवर चालावा असा तो बनवलाय आणि तुझ्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स त्याच्यापेक्षा नवीन आहे. म्हणजे व्हॅलोरंट आजही चालायला हवा. चालत नसेल किंवा अडखळत असेल, तर कार्ड सोडून दोन गोष्टी आधी तपास.

पहिली, रॅम. बोर्डावरच्या चार खाचांपैकी किती भरल्यात? ८ जीबीची एकच पट्टी असेल, तर प्रोसेसर एका पायावर लंगडतोय. तसलीच दुसरी डीडीआर ३ पट्टी जोडीच्या रंगाच्या खाचेत बसव. वापरलेली पट्टी चालते, रॅम सहसा दगा देत नाही. कार्ड नसताना तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण अंगचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उसनी घेतं.

दुसरी गोष्ट मात्र तुझ्यासारख्या कितीतरी पोरांना कुणी सांगतच नाही : विंडोज कुठलं आहे? चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. रिफर्बिश्ड विकणारे पळवाट काढून ११ टाकून देतात, कारण दिसायला नवं दिसतं. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षेची सोय लागते. तुझ्या डेलमध्ये टीपीएम जुन्या १.२ चा आहे. मग गेम 'व्हॅन ९००१' असा एरर देऊन बंद होतो. तू पंचवीस हजारांचं कार्ड लावलंस तरी हा एरर जाणार नाही. विंडोज १० वर ही अट तशी आड येत नाही, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात ठेव. त्या मशीनवर बँकेची कामं करू नकोस, ती मोबाइलवरच राहू देत.

हे दोन्ही करून झालं आणि जीटीएसाठी कार्ड हवंच असेल, तर घे. वापरलेलं घ्यायला माझी अजिबात ना नाही. तुझ्या मशीनला साजेसं कार्ड म्हणजे जीटीएक्स १६५०. एप्रिल २०१९ चं, ४ जीबीचं, ७५ वॉटचं. स्लॉटमधून मिळतं तेवढ्यावर भागवतं. फक्त एक बघ : याच नावाच्या काही मॉडेलांना वर सहा पिनांची जागा असते. ते तुझ्या कामाचं नाही. वर पिनच नसलेलं, एका पंख्याचं आखूड मॉडेल शोध. घेण्याआधी पट्टी घेऊन स्लॉटपासून समोरच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा आहे ते मोज आणि लिहून खिशात ठेव.

जीटीएक्स १०५० टीआय पण तेवढ्याच विजेत चालतं आणि स्वस्त मिळतं. पण एनव्हिडियानं त्या पिढीचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट. तुझे दोन्ही गेम त्यावर चालतील. भावात बऱ्यापैकी फरक असेल तरच विचार कर. कुणी आरएक्स ६४०० गळ्यात मारू पाहील, 'नवीन आहे, २०२२ चं आहे' म्हणून. ते कार्ड बोर्डाशी चारच लेनमधून, म्हणजे माहितीच्या चारच वाटांनी, बोलतं. नव्या बोर्डावर खपून जातं, तुझ्या जुन्या बोर्डावर मार खातं.

मायनिंगचं म्हणशील तर तुझा पहिला मित्र अगदीच चुकीचा नाही. इथेरियम हे डिजिटल चलन ग्राफिक्स कार्डांवर खणलं जायचं, १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत. त्या दिवशी त्याची पद्धतच बदलली आणि लाखो कार्डांचं काम एका रात्रीत संपलं. ती सगळी बाजारात उतरली आणि अजून हातोहात फिरतायत. आरएक्स ५७० आणि ५८० तर मायनिंगवाल्यांची आवडती. त्यामुळे 'घरगुती वापर' हे शब्द मी ऐकते आणि सोडून देते. पण मायनिंग केलेलं कार्ड मेलेलंच असतं असंही नाही. खणणारे लोक विजेचं बिल वाचवायला चिपचा व्होल्टेज कमी ठेवायचे. रात्रंदिवस एकाच तापमानावर चालणाऱ्या चिपला तापणं-निवणं-तापणं हा ताण कमी बसतो. झिजतात ते पंखे. वाळते ती चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट. कडक होतात ते मेमरीवरचे पॅड. हे तिन्ही बदलता येतं, फार खर्चही येत नाही. बदलता येत नाही ती शिजलेली मेमरी, आणि ती चालवूनच कळते. काहींनी कार्डाचा बायोसही, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्रामही, बदललेला असतो, गेममध्ये मग विनाकारण हँग होतं.

मला मायनिंगपेक्षा जास्त भीती हीट गनची वाटते. २०२१ च्या पावसाळ्यात, कार्डं कुठेच मिळत नव्हती तेव्हा, मी एका गिऱ्हाइकासाठी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून वापरलेलं कार्ड आणलं. तिथे चालवून दाखवलं, इथे आणून मी तासभर चालवलं, सगळं ठीक. बाविसाव्या दिवशी पोरगा मशीन उचलून दारात उभा. स्क्रीनवर हिरवे चौकोन, जणू कुणी तांदूळ सांडलेत. कूलर काढला तर चिपच्या कडेनं पिवळट चिकट थर, फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगला लावतात त्या रसायनाचा. मेलेल्या चिपला गरम हवा मारून तात्पुरतं जिवंत केलं होतं. दुकानदाराची 'टेस्टिंग वॉरंटी' सात दिवसांची. पैसे मी त्या पोराच्या वडिलांना परत केले, कारण माझ्यावर विश्वास ठेवून दिले होते. तेव्हापासून मी बघितल्याशिवाय राहत नाही : मोबाइलची बॅटरी लावून कार्ड आडवं धरायचं आणि कूलर आणि पाटी यांच्या फटीतून चिपची कड न्याहाळायची. तिथे चकचकीत, मधासारखं काही दिसलं की कार्ड परत ठेवायचं आणि 'विचार करून सांगते' म्हणायचं.

तू बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्याकडे चालू मशीन असायला हवी. 'पीसी विकला, कार्ड तेवढं राहिलंय' म्हणाला तर जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात चल म्हणावं, तपासायचे दोनशे-तीनशे तू दे. ते पैसे वाया जात नाहीत. सेलूहून मराठवाडा एक्स्प्रेस आहेच, जाऊन ये. एकटा जाऊ नकोस, पप्पांना घेऊन जा. त्यांना कार्डातलं कळत नसेल, पण माणूस घाईत का आहे ते त्यांना तुझ्याआधी कळेल.

कार्ड मशीनमधून काढायला लाव आणि हातात घे. मागची पत्र्याची पट्टी, जी सीपीयूच्या बाहेर दिसते, तिच्यावर गंज आहे का? आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर लावतात आणि त्याची दमट हवा थेट मशीनवर जाते, पहिला गंज तिथेच दिसतो. सोनेरी पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सोडून दे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी घराघरांत शिरलं, भिजलेल्या मशीनही कुणीतरी वाळवून विकणारच. स्क्रूचे डोके घासलेले असले तर विचार, का उघडलं होतं. 'पेस्ट बदलली' हे चांगलं उत्तर आहे. उत्तरच नसणं वाईट. पंखा बोटानं हळूच फिरव. खरखर करत थांबला तर बेअरिंग गेलंय, तेवढे पैसे भावातून कमी कर. पंख्याच्या पात्यांवर चिकट राखाडी तंतू असतील तर घाबरू नकोस. जिनिंगच्या आसपासच्या घरांतून येणाऱ्या मशीनमध्ये सरकीच्या कापसाचा असा थर मी नेहमी बघते, ब्रशनं निघतो.

मग बसवून जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्राम लाव, पेनड्राइव्हमध्ये घेऊनच जा. त्यात कार्डाचं खरं नाव, चिप, मेमरी सगळं दिसतं. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांवर खोटा बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकायचा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. असं कार्ड सापडलं तर हा प्रोग्राम नावाआधी 'फेक' असं लिहितो. (आणि कधी आरएक्स ५८० च घ्यायची वेळ आली तर त्यातला शेडरचा, म्हणजे चिपमधल्या छोट्या गणकांचा, आकडा वाच : खऱ्यात २,३०४ असतात. २,०४८ दिसले तर ते चीनसाठी काढलेलं दुबळं मॉडेल, ताकद ५७० ची.)

खोट्या कार्डाची एक खूण प्रोग्रामशिवायही कळते आणि ती नेमकी तुला फसवेल, म्हणून सांगते. तुझा मॉनिटर निळ्या पिनेचा, व्हीजीए असणार. १९ इंची, रिफर्बिश्डसोबत येणारे बहुतेक तेच असतात. विकणारा म्हणेल, 'या कार्डाला व्हीजीए आहे, तुझा मॉनिटर डायरेक्ट लागतो.' तुला बरं वाटेल. पण एनव्हिडियानं १०-सिरीजपासून व्हीजीएचा सिग्नल देणंच बंद केलंय. १०५० टीआय किंवा १६५० म्हणून दाखवतायत आणि मागे निळी पिन आहे, तर बहुतेक ते नावच खोटं. खऱ्या कार्डाला तुला एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल. तो वेगळा घ्यायचा, खर्चात धर.

जीपीयू-झेड झालं की फरमार्क, कार्डाला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत विकणारा चहा पाजेल, गप्पा मारेल. पी चहा, पण डोळे स्क्रीनवर ठेव. तापमानाची रेघ चढते आणि एका जागी सपाट होते, तसं हवं. सपाट न होता चढतच राहिली तर पेस्ट वाळलीय किंवा पंखा कमी पडतोय. चिपचं तापमान आणि 'हॉटस्पॉट' (चिपमधली सगळ्यात तापलेली जागा) दोन्ही दिसत असतील आणि दोघांत पंचवीसपेक्षा जास्त अंशांचं अंतर असेल, तरी तेच. रंगीत ठिपके, तुटक्या रेघा, एखादा चौकोन क्षणभर जरी चमकला तर तिथेच थांब, मग किंमत कितीही उतरू दे. त्यानंतर ओसीसीटी या प्रोग्राममधली मेमरीची तपासणी चालव. एक जरी चूक दाखवली तरी नको.

आणि तिथे दिसलेलं तापमान तुझ्या घरी दिसणार नाही, हे धरून चाल. त्याच्या खोलीत एसी असेल, पंचवीस अंश. परभणी-सेलूकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ च्या पुढे जातं आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुला मी सांगायला नको. खोली पंधरा अंशांनी जास्त गरम असेल तर कार्डही साधारण तेवढंच वर जातं. तिथे ६५ दाखवलं तर तुझ्याकडे ८० धर. एनव्हिडियाची बरीचशी कार्डं ८३ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून त्याच्याकडे ७५ वर गेलेलं कार्ड संभाजीनगरात चालेल, तुझ्याकडे मेमध्ये धापा टाकेल. १६५० चा फायदा इथेच आहे, ७५ वॉट म्हणजे उष्णताही तेवढीच. ५८० नं त्या खोलीत अडीचपट उष्णता ओकली असती.

लाईटचं पण बघ. रब्बीत मोटारी चालू झाल्या की गावात लाईट डीम होते, परत येते ती झटका देऊन येते. यूपीएस नसेल तर कार्डाआधी तो घे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस तुझ्या या मशीनला पुरतो, खेळ सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. तो आणि रॅम घेऊन दहा हजारांतून कार्डाला पुरेसे उरत नसतील, तर कार्ड पुढच्या महिन्यावर टाक. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ आहे आणि पप्पांना आडतीत त्याहून कमीच मिळाला असेल. म्हणजे तुझ्या हातात दोन क्विंटलच्या आसपास सोयाबीन आहे, तेही त्या पावसातून वाचलेलं. ते दोन हप्त्यांत खर्च झालं तर काही बिघडत नाही.

भावाचं माझं गणित साधं आहे. तेच कार्ड नवीन, तीन वर्षांच्या वॉरंटीसह ज्या किमतीला मिळतं, तिच्या निम्म्याच्या वर मी वापरलेल्याला जात नाही. वॉरंटी शिल्लक असेल, मूळ बिल आणि खोका असेल, खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरीयल नंबर जुळत असेल तर थोडी वर जाईन. बिलाचा फोटो चालत नाही, बिल लागतं. 'अर्जंट सेल, आजच' म्हणणाऱ्याला 'मग उद्या बघू' म्हण, दहातले नऊ जण उद्याही थांबलेले असतात.

घेतलंस तर पैसे कार्ड हातात आल्यावर दे, पिशवीत भरल्यावर नाही. किराण्याच्या प्लॅस्टिक पिशवीत आणू नकोस. कार्डासोबतची चंदेरी पिशवी असेल तर उत्तम, नसेल तर सुती टॉवेलात गुंडाळ आणि सोनेरी पिनांना बोट लावू नकोस. गाडीत वरच्या फळीवर ठेवू नकोस, मांडीवर घे. घरी आल्यावर सीपीयूची वायर भिंतीतून काढून मग बसव, स्लॉटची कडी 'टक' वाजेपर्यंत. चालू केल्यावर स्क्रीन काळी दिसली तर घाबरून विकणाऱ्याला फोन करण्याआधी मागे बघ : मॉनिटरची केबल जुन्याच जागी, बोर्डाला लागलेली असेल. ती काढून कन्व्हर्टरमधून कार्डाला लाव आणि परत चालू कर.